आत गेलेला काठ

चिंचोक्याची खळ शिजायला लागली की सांगलीतल्या माझ्या खोलीत आंबूस, करपट वास भरतो. लोकरीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, ती चोपडली की धागा ताठ होतो. हा वास आला की मी म्हसवडच्या आमच्या घरी जाऊन पोचते, नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात.

माझे वडील, दादा, घोंगडी विणायचे. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्या उजव्या हातात जोर उरला नव्हता. तरी ते मागावर बसले. मी चित्रकलेच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते, शेजारी बसून बघत होते. दुपारी त्यांनी डाव्या अंगठ्यानं विणलेल्या घोंगड्याचा काठ चाचपला. तो कुठं आत ओढला गेला होता, कुठं सैल सुटला होता.

"आवं, आसू द्या की. घरात पांघरू," आई म्हणाली.

"ह्याला घोंगडं म्हणत्यात व्हय?"

एवढंच बोलून त्यांनी सगळं विणलेलं उसवायला घेतलं. मी काळ्या लोकरीचे गुंडे करत गेले. दिवस कलला तेव्हा मागावर नुसता ताणा राहिला होता. त्यानंतर दादा मागावर बसले नाहीत.

पुढं मीच मागावर बसले. सुरुवातीला आखीवरेखीव नक्षी विणायची. हळूहळू नक्षी गेली, मग रंगही गेले. आता माझ्या कामात काळी लोकर तेवढी उरलीय, आणि काठ वाटेल तसा आत-बाहेर जातो.

परवा प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, हा काठ मुद्दाम असा ठेवलाय का. मी हो म्हणाले.

दादांना तो सरळ हवा होता.