दिवसा लावलेलं दार

क्रूझवर आम्ही नवराबायकोने महागडा सुईट घेतला तो समुद्र बघायला नव्हे, बरोबर आलेल्या नातेवाइकांपासून सुटका हवी म्हणून. बाकीच्यांना खाली बिनखिडकीच्या खोल्या दिल्या. दुपारी दार लावून जरा आडवे होतोय, तोच धडाधड थापा. आमच्या गावी, कडावला, दिवसाढवळ्या दार लावलं, की घरात काहीतरी विपरीत घडलंय असंच धरतात.

"काय झालं रं? सून बरी हाय ना?" आई ओरडत होती. मागे काकू, आत्या, सगळा गोतावळा. आत आले ते पसरलेच. काकूने बाल्कनीत ओले टॉवेल वाळत घातले, आत्या आमच्या पलंगावर घोरू लागली.

शेवटी एकांत मिळाला, तो आईच्या बिनखिडकीच्या खोलीत. दार मात्र सताड उघडं ठेवलं. नाहीतर परत आले असते.