फोनवर धावून आलेला

वाहाका प्रांताच्या डोंगरातल्या याग्वेला गावात ग्रामसभेने गळ्यात घातलेलं काम नाकारायची सोय नाही, आणि त्याला पगारही नाही. कुणी चर्च झाडतं, कुणी पाणी सोडतं. एर्लिंदाच्या वाट्याला मोबाइलचा टॉवर आला. कंपन्यांनी गावाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, म्हणून गावाने वर्गणी काढून आपला आपणच उभा केलेला. एर्लिंदा तो सांभाळायची आणि रोज शहरातला कॉफीचा भाव विचारून बायकांना फोनवर कळवायची.

अबुंदियो दलालाचं पित्त त्यानेच खवळलं. वर्षानुवर्षं हा ट्रक घेऊन यायचा, मनाला येईल तो भाव द्यायचा, वर उपकार केल्यासारखा मिशी पिळायचा. यंदा बायकांनी त्याला एकही पोतं दिलं नाही. "अबुंदियो, रिकामा कशाला जातोस? हवा भरून ने!" म्हातारी तोमासा ओरडली आणि सगळा बाजार हसला. असली माणसं तोटा सोसतात, हसणं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याचे तीन गुंड कोयते घेऊन टॉवरच्या खोलीवर आले. एर्लिंदाने आतून कडी घातली आणि गावातल्या सगळ्या फोनवर एकदम हाक दिली. "धावा! टॉवर तोडतायत, मला मारतायत!"

गावाने फोन उचलले, कोयते हातात घेतले आणि गाव अंगणातच थांबलं, चर्चच्या घंटेकडे कान लावून. पणजोबांपासूनचा नियम: घंटा झाल्याशिवाय कोयता घेऊन उंबरा ओलांडायचा नाही. भाऊबंदकीत मुडदे पडू नयेत म्हणून केलेला. जळो तो नियम!

धावत आला तो एकटा तिचा नवरा सेल्सो, तोंडातला घास तसाच.

"सरका माझ्या बायकोच्या दारातून!"

पहिला वार खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. एर्लिंदाने फटीतून पाहिलं आणि लोखंडी पाना घेऊन ती किंचाळत बाहेर पडली. एकाचा जबडा फोडला. दुसऱ्याच्या कोयत्याने तिची दोन बोटं उडाली. तशाच रक्ताळल्या हाताने ती चर्चकडे पळाली आणि घंटेच्या दोराला लोंबकळली.

मग गाव आलं. दगडांनी, काठ्यांनी, कोयत्यांच्या दांड्यांनी असं झोडपलं की एक गुंड जागीच मेला आणि उरलेले दोघे ओळखू येईनात. अबुंदियोचा ट्रक भररस्त्यात जाळला. पण सेल्सो काही उठला नाही.

ग्रामसभेत म्हातारा पंच फाउस्तिनो म्हणाला, "पोरी, आधीच घंटा वाजवायची नाही का?"

"कोंडलेली होते, काका. फोन उचललात ना तुम्ही? माझा आवाज नाही ओळखलात?"

सगळ्यांनी हात वर केले. यापुढे एर्लिंदाचा फोन म्हणजेच घंटा, असा ठराव झाला.

आता तिने नुसता भाव सांगायला फोन केला, तरी अर्धं गाव कोयते घेऊन धापा टाकत दारात येतं.

"अहो, कॉफी चढलीय, एवढंच सांगायचं होतं!"

लोक ओशाळून परत फिरतात. एर्लिंदा मात्र दारात उभी राहते, त्यांच्या मागून अजून कुणी येतंय का ते बघत.