पुलावरचा पहारेकरी

पडदा वर जातो तेव्हा छापखान्याच्या माडीवरची एक अरुंद खोली दिसते. खिडकीशी टेबल, टेबलावर प्रुफांचा गठ्ठा, आणि त्यावर वाकलेल्या मावशी. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

त्या दिवसांत मावशी परीकथेची एक जाडजूड कादंबरी तपासत होत्या. तिसऱ्या प्रकरणात राजकन्या बुटक्या पहारेकऱ्याला म्हणते, "मी परत येईपर्यंत पुलावरून हलू नकोस." पुढे ती पंखांच्या घोड्यावरून परस्पर राजवाड्यात उतरते, लग्नही उरकते. पहारेकरी पुलावरच.

व्यवस्थापकांनी बजावलं होतं, "मावशी, तुम्ही काना-मात्रा बघा. पुन्हा गोष्टीत नाक खुपसलंत तर काम बंद." मावशींनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी समासात लिहिलंच : 'पहारेकरी अजून पुलावर आहे. त्याला घरी पाठवावे.'

आठवड्याने लेखिकाबाई स्वतः जिना चढून आल्या. मागे व्यवस्थापक, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून. मावशींनी पेनाला टोपण लावलं. गेलं काम, त्या मनात म्हणाल्या.

लेखिकाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "माझं माणूस मीच विसरले होते, मावशी. तुमचे उपकार कसे फेडू? यापुढे माझं प्रत्येक पुस्तक याच टेबलावर येणार."

व्यवस्थापकांनी मुकाट मान डोलावली.

"शेवट नव्याने लिहितेय. त्याला घरी पोचवलं की पहिल्यांदा काय करू, सांगा."

मावशींचे डोळे भरून आले. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "आधी बसू द्या हो त्याला."