अक्काच्या गालावरची हळद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — देवापुढं बसते तेव्हासुद्धा तेवढंच गाळून बाकीचं बोलते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अक्काला ओळखत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही कुंभकोणमची मराठी माणसं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. ती वयानं मोठी, पण नवखे पाहुणे मलाच थोरली समजून आधी नमस्कार करायचे. माझा नवरा गेल्यापासून तर जास्तच. आणि ती — पन्नाशी उलटली तरी चेहऱ्यावर तेज, केसांत मोगरा, शेजारी नवरा. मी जळत होते. त्याला दुसरा बरा शब्द मी कधी शोधला नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. भाऊजींची साठी आली. आमच्याकडं साठीला नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात — होम, मंगळसूत्र, फोटोवाला, सगळं. अक्काच्या मनानं घेतलं, पुन्हा नवरी व्हायचं तर या सुरकुत्या नकोत. तंजावरला कातडीचा एक नवा डॉक्टर आला होता. तो चेहऱ्याला कसलंसं अ‍ॅसिड लावून वरची कातडी सोलून काढायचा, मग खालून नवी, तुकतुकीत यायची. सोबतीला कुणाला नेलं? मलाच. माझ्या नशिबात साठी नव्हतीच. तिच्या साठीत पिशवी धरायला तरी मी हवी होते ना?

ती आत चेहऱ्यावर ओला कपडा घेऊन पडली होती. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून बजावलं — मी देतो ते मलम सोडून काही लावायचं नाही. ऊन नको, लिंबू नको, पीठ नको. आणि हळद तर अजिबात नको.

परतीच्या बसमध्ये मी तिला मलमाचं सांगितलं. उन्हाचं सांगितलं. आणि हळदीचं — विसरले का? कितीतरी वर्षं मी स्वतःची तशी समजूत घातली. पण बस दारासुरमला आली तेव्हा तिनं आपणहून विचारलं, "हळद चालेल ना ग?" तिच्या लेखी हळद म्हणजे काही लावणं नव्हतंच, आंघोळीला पाणी असतं, तशी हळद असते. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "हळदीनं काय होतंय?"

साठीच्या सकाळी तिला हळद लावायला सुवासिनी जमल्या. मी रीतीप्रमाणं मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी. आमच्यात विधवेनं हळदीला हात लावायचा नसतो. अक्कानं सगळ्यांदेखत मला हाक मारली आणि वाटी माझ्या हातात दिली — कस्तुरी हळद, मुगाचं पीठ, वर लिंबू पिळलेलं.

"तूंच लाव ग. कोण काय म्हणतें तें मी पाहून घेतें."

तेव्हा तरी? तेव्हा तरी तोंड उघडता आलं नसतं का? ती माझ्यापुढं डोळे मिटून बसली होती. आणि मला काय वाटलं, सांगू? हिला हेसुद्धा परवडतं — माझी कीव करणंसुद्धा. मी हळद लावली. चोळून लावली.

होमापुढं तिचं तोंड लालभडक झालं, सुजलं. फोटोवाल्याला तिनंच परत पाठवलं. सूज गेली, पण गालांवर काळे डाग राहिले ते राहिलेच. घरातल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या, विधवेचा हात लागला, आणखी काय होणार? अक्का सुजल्या ओठांनी त्यांच्याशी भांडली. हिच्या हाताला नावं ठेवाल तर या घरात पाणी पिणार नाही, म्हणाली. खोट डॉक्टरच्या औषधात आहे, म्हणाली. मी तिथंच उभी होते. म्हाताऱ्यांचं कारण खोटं होतं. बोट मात्र बरोबर माझ्याकडं होतं.

पुढं तिच्या मुलीचं लग्न निघालं. अक्कानं हट्टानं पहिली हळद मला लावायला लावली. पोरीच्या गालाला मी हळद लावत होते आणि ती शेजारी उभी राहून, त्या डागांसकट, माझ्याकडं बघून हसत होती. मीही हसले.

तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात पहिली हळद मी लावते. तो मान मला अक्कानं भांडून मिळवून दिला. मी तो घेते.