सुनीती पाटणकरांचा दाराचा नियम

कुणी म्हातारं माणूस "सगळं ठीक आहे" म्हणालं, की सुनीतीबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. याला खोड म्हणायचं तर म्हणा, पण या खोडीवर त्यांनी लखनौच्या एका संशोधन संस्थेत आयुष्यभर नोकरी केली, बढत्या मिळवल्या आणि दिल्लीच्या दोन-तीन समित्यांवर खुर्ची अडवली. संस्थेतले लोक पाठीमागे त्यांना 'शक वाली मैडम' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडतही होतं.

त्यांचा विषय म्हणजे म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकसंख्येचं अर्थशास्त्र. देशात कमावते हात किती, त्यांच्यावर बसून खाणारी तोंडं किती, आणि वीस वर्षांनी हा भार कोण उचलणार, याची गणितं मोठमोठे लोक मांडत असत. त्यात साठी उलटलेला प्रत्येक माणूस 'बसून खाणारा' या रकान्यात जाऊन पडायचा. सुनीतीबाई नोकरीला नव्या लागल्या तेव्हा त्यांनीही तेच केलं. मग एकदा बाराबंकीकडच्या एका गावात त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, काही काम करता का? उत्तर मुलाने दिलं, "नहीं जी, अब तो आराम करते हैं." म्हाताऱ्याने मान डोलावली. मुलगा कुणाच्या तरी हाकेसरशी बाहेर गेला, तसा म्हातारा पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, की दुकान सकाळी उघडतो तो मी आणि रात्री बंद करतो तोही मीच, लिहायचं असेल तर लिहा.

सुनीतीबाईंनी ते लिहिलं आणि तिथून त्यांचा दाराचा नियम जन्माला आला. म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं ते एकट्याने. घरच्या लोकांना गोडीगुलाबीने कटवायचं, दार लोटून घ्यायचं, मग प्रश्न विचारायचा. लेकाला कागद शोधायला पाठवा, सुनेला म्हणा चहात आलं असतं तर बहार आली असती. दाराआड जे कळेल ते घरातल्या कुणालाही सांगायचं नाही, हा नियमाचा दुसरा भाग. घरोघर मुलाखती घेणाऱ्या ज्या इन्व्हेस्टिगेटरने यात हयगय केली, त्याला त्या दुसऱ्या दिवशी घरी बसवत. दार उघडं असताना आणि बंद असताना अशी उत्तरं शेजारी शेजारी मांडून त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याने त्यांचं नाव झालं. बसून खाणारी म्हणवलेली माणसं दुकानं राखत होती, नातवंडं सांभाळत होती, म्हशी धूत होती. आणि मजेत आहोत म्हणणाऱ्यांपैकी बरीच जणं मजेत नव्हती.

इथवर सगळं ठीक होतं. पण आई गेली आणि बाबा सुनीतीबाईंकडे राहायला आले.

बाळकृष्ण पाटणकर हे मूळचे अकोल्याचे. रेल्वेत इंजिनियर म्हणून लखनौला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या उत्तरेला, जानकीपुरममध्ये छोटं घर घेतलं होतं. लेकीने लग्न केलं नव्हतं, ती दक्षिण टोकाला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहायची. आईनंतर एकट्याने राहू देणार नाही म्हणून तिने हट्टाने त्यांना आणलं आणि जानकीपुरमच्या घराला कुलूप लावलं. बाबा ऐंशीच्या पुढचे, पण काठी न घेता चालणारे. त्यांना खोली दिली, दोन वेळचं गरम जेवण दिलं, मराठी बातम्या दिसतील असा टीव्ही लावून दिला. आणि रोज संध्याकाळी संस्थेतून आल्यावर सुनीतीबाई विचारत, "बाबा, तुम्हाला इथे बरं वाटतं ना?"

"ठीक आहे गं सगळं," बाबा म्हणत.

झालं. हेच वाक्य त्यांनी हजारो घरांतून ऐकलं होतं आणि हेच त्यांनी कधी खरं मानलं नव्हतं. मग त्या तोच प्रश्न फिरवून विचारत. जेवण आवडतं का? मग पोळी का उरली? झोप लागते का? मग रात्री दिवा का लागला होता? स्वयंपाकाच्या बाईला वेगळं विचारत, समोरच्या घरातल्या आजींना वेगळं. तिघांची उत्तरं जुळली, की त्यांना वाटे, हे ठरवून सांगतायत.

मग राजेश उगवला. हा जानकीपुरमचा ऑटोवाला. आईला दवाखान्यात न्यायला-आणायला हाच यायचा. आता दर आठवड्याला तो शहर ओलांडून यायचा आणि बाबा नीट भांग पाडून त्याच्या ऑटोत बसून जायचे. कुठे, तर म्हणे चारबागला, गाड्या बघायला. जन्मभर रेल्वेत घालवलेल्या माणसाने गाड्या बघायला स्टेशनवर जावं यात नवल काही नव्हतं. पण एका सवारीसाठी इतक्या लांबून रिकामी ऑटो आणणाऱ्या माणसाचं सुनीतीबाईंना फार नवल वाटलं. एके दिवशी त्यांनी सहज म्हणून विचारलं, कुठली गाडी पाहिली? बाबांनी नाव सांगितलं. सुनीतीबाईंनी आत जाऊन मोबाइलवर पाहिलं, तर ती गाडी त्या दिवशी इतकी उशिरा धावत होती, की बाबा घरी येऊन जेवायला बसले तेव्हा ती लखनौला पोचलीही नव्हती.

कुठेतरी पाणी मुरत होतं. बाबा आता फोनवर बोलताना खोलीचं दार लोटून घेत. खिळ्यावरची जानकीपुरमच्या घराची किल्ली गायब झाली होती. विचारलं तर म्हणाले, असेल इथेच कुठेतरी. सुनीतीबाईंची झोप उडाली. म्हाताऱ्यांच्या घरांवर डोळा ठेवणारे भाचे, भाडेकरू, देवमाणूस म्हणून शिरलेले शेजारी, असे नमुने त्यांनी ढिगाने पाहिले होते. तो राजेश 'बाबूजी, बाबूजी' करत त्यांच्याकडून घर लिहून घेत असणार, याबद्दल त्यांची खात्रीच झाली. दुसऱ्या कुणी मुलीने सरळ राजेशला गाठलं असतं, नाहीतर जानकीपुरमला जाऊन कुलूप पाहिलं असतं. सुनीतीबाईंना वाटलं, असं केलं तर बाबा सावध होतील आणि खरं ते कायमचं दडपलं जाईल. यावर उपाय एकच, शास्त्रशुद्ध मुलाखत.

आणि त्यांनी हेमाला घरी बोलावलं.

हेमा ही त्यांच्या तालमीत तयार झालेली सगळ्यात मुरलेली इन्व्हेस्टिगेटर. दगडालाही बोलतं करील अशी तिची ख्याती. नव्या प्रश्नावलीची चाचणी ओळखीच्या एकदोन म्हाताऱ्यांवर घेऊन पाहायची पद्धत असतेच, तेव्हा त्यात वावगं काही दिसणार नव्हतं. फक्त शेवटी सुनीतीबाईंनी स्वतःचे दोन प्रश्न घुसडले होते. हल्ली तुमच्याकडे कोण येतं-जातं? घर-जागेच्या बाबतीत कुणी सही मागितली आहे का? हेमाने ते दोन प्रश्न वाचले, मॅडमकडे एकदा पाहिलं आणि कागद पिशवीत ठेवले.

रविवारी सकाळी हेमा आली. बाबांच्या पाया पडली, त्यांच्यासमोर बसली. सुनीतीबाई कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसणार, तोच हेमा अगदी गोड आवाजात म्हणाली, "मैडम, चाय में थोड़ा अदरक पड़ जाता तो मज़ा आ जाता."

घरात आलं नव्हतं. सुनीतीबाई पिशवी घेऊन बाजाराच्या वाटेला लागल्या आणि कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्यापर्यंत पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला कटवलं. आधी त्यांना हसू आलं. पोरीने नियम पाळला होता, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे पाळला होता. आलं घेऊन परत आल्या तर खोलीचं दार बंद. त्यांनी कान दिला. आत पंख्याचा आवाज, त्याखाली बाबांचा आवाज, सलग, न थांबता चाललेला. गेल्या वर्षभरात बाबा त्यांच्याशी इतकं सलग कधी बोलले नव्हते.

चहा दोनदा निवला. हेमा बाहेर आली तेव्हा तिने डोळे पुसलेले दिसत होते. सुनीतीबाई तिला फाटकापर्यंत पोचवायला गेल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, काय म्हणाले?

"मैडम, वो तो मैं नहीं बता सकती."

सुनीतीबाईंना वाटलं, ही थट्टा करतेय. त्यांनी तिला आठवण करून दिली, की आपण तिच्या वरिष्ठ आहोत आणि प्रश्नावलीही आपलीच आहे.

"ऑफ़िस में हैं, मैडम," हेमा म्हणाली. "यहाँ तो आप घर की मेंबर हैं."

ती गेली. सुनीतीबाई फाटकाला हात लावून उभ्या राहिल्या. आधी रागाने त्यांचं डोकं सणकलं, मग रागाच्या जागी भीती आली. राजेशबद्दल काही असतं तर हेमा बोलली असती. सावधगिरीचा शब्द तरी टाकला असता. तिने तोंड मिटून घेतलं, कारण बाबांनी घरच्या माणसाबद्दल काहीतरी सांगितलं होतं, आणि या घरात बाबांशिवाय दुसरं माणूस एकच होतं. दार बंद झाल्यावर म्हातारी माणसं लेकी-सुनांबद्दल काय काय सांगतात, हे सुनीतीबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? ताटात काय वाढतात ते, कसं बोलतात ते, कसं बोलतच नाहीत ते. ते सगळं त्यांना एकदम आठवलं, आणि त्यात त्या स्वतःचं तोंड बसवून पाहू लागल्या.

त्या आत गेल्या. बाबा पलंगावर बसले होते. पायाशी त्यांची जुनी बॅग उघडी होती आणि तिच्यात धोतरं, स्वेटर, आईचा फोटो नीट लावलेला होता. उशाशी जानकीपुरमची किल्ली.

"राजेशने घर झाडून घेतलंय," बाबा म्हणाले. "पाण्याची टाकी धुतली, गॅस सुरू करून दिला. शेजारच्या घरून डबा ठरवलाय. मी दर आठवड्याला तेच बघायला जात होतो. उद्या सकाळी तो न्यायला येतोय."

सुनीतीबाईंनी विचारलं, की मग चारबाग कशाला सांगत होता? मला खरं सांगायला काय झालं होतं?

"खरं मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. इथे बरं आहे, जेवण चांगलं आहे, तू माझं खूप करतेस. ते सगळं खरं होतं गं. पण रोज संध्याकाळी तू येऊन असं काही विचारायचीस, की मी काहीतरी लपवतोय असं मलाच वाटायला लागायचं. पोळी उरली तर कारण, दिवा लागला तर कारण. मग मी खोटं सांगायला लागलो. खोट्यावर तू कमी प्रश्न विचारायचीस."

"आणि हेमाला काय सांगितलंत?"

"तुझ्या आईबद्दल बोललो. बराच वेळ बोललो. ती पोरगी ऐकत राहिली. मी जे सांगितलं ते तिने मानलं, सुनीती. दुसऱ्यांदा विचारलं नाही."

आपल्या विरुद्ध काहीही सांगितलेलं नाही, हे ऐकून सुनीतीबाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांना रडू येत होतं, आणि त्यांनी ते आवरलं नाही. बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, की चुकलं माझं, बॅग राहू द्या, यापुढे नाही विचारणार. बाबा हसले. तुला ते जमायचं नाही, म्हणाले, आणि त्यात तुझा दोष नाही, कामच तसं आहे. तू रविवारी येत जा, जेवायलाच ये.

त्यांनी बॅगेची चेन ओढायला घेतली. ती अडकली, तेव्हा सुनीतीबाईंनी पुढे होऊन ती सोडवली.

"एकट्याने राहणं जमेल तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"जमेल."

सुनीतीबाईंना ते खरं वाटलं नाही. त्या उठल्या आणि बाबांची औषधं पिशवीत भरू लागल्या.