चुलीच्या दगडातले शंख

दगड हाती आला की वहिनी आधी त्याला जीभ लावायच्या, मग अंगठ्याने घासून उन्हात धरायच्या. ओल्या दगडात आतली नक्षी उठून दिसते हे खरं, पण मला ते बघवायचं नाही.

"काऊन तोंड वाकडं करता भाऊजी? तुमच्या त्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापेक्षा साफ आहे हा!"

वहिनी आमच्या शेजारच्या, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही काही निवृत्त शेजारी हिवाळ्यात रविवारी जीवाश्म शोधत हिंडायचो. त्यातलं शिक्षण कोणाचंच नाही. छिन्नी, हातोडी, दात घासायचे जुने ब्रश आणि वहिनींच्या डब्यातली भाकर-ठेचा, एवढी आमची तयारी. सगळ्यांना काही ना काही गवसलं होतं. वहिनींना मात्र नाही. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.

"एक तरी मले सापडू दे," त्या म्हणायच्या. "मग कापा म्हणा गुडघा."

ऑपरेशनच्या आधीचा तो शेवटचा रविवार. रोहणा गावाजवळच्या नाल्यात दुपारपर्यंत सगळ्यांचे हात रिकामेच. मी तीन दगड आणून चूल मांडली. गप्पांच्या नादात कोरा चहा उतू गेला. आम्ही चहासाठी हळहळलो. वहिनी चुलीकडे वाकल्या आणि ओरडल्या, "लाकडं ओढा! पातेलं उतरवा!"

"अवो, चहा तं होऊ द्या."

"चहा गेला खड्ड्यात! गोगलगायी भाजून राह्यले तुम्ही!"

चहाने भिजलेल्या दगडात बोटाच्या पेराएवढे शंख दाटीवाटीने बसले होते. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी इथे तळं होतं, त्यातल्या गोगलगायींचे. कोणी तरी पाण्याची बाटली उचलली, तर वहिनींनी त्याचा हात धरला. "गार पाण्यानं तडकन ना तो!" दगड निवेपर्यंत त्या पदराने वारा घालत बसल्या. तापलेल्या लेकराला घालावा तसा.

गुडघ्यामुळे त्यांना दगड उचलवेना. म्हणून फोटोत तो माझ्या हातात आला. पुढे त्यांच्याच शाळेने तो दगड काचेच्या कपाटात ठेवला आणि पाटीवर शोधणारा म्हणून माझं नाव लागलं. "आणला तं तूच," मित्र म्हणाले. मीही पाटी तशीच राहू दिली. शाळेत पाहुणे आले की वहिनी त्यांना कपाटापाशी नेऊन सांगायच्या, "आमच्या भाऊजींचा आहे." ते ऐकून मी पाटीकडे पाठ करायचो.

मागच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. शोकसभेत सगळे त्यांच्या गणिताबद्दल बोलले. दगडाचं नाव कोणी काढलं नाही. कसं काढणार?

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मी तर चुलीसाठी दगड आणला होता. शंख पाहिले ते वहिनींनी. पाटी बदलून घेतली.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. शाळेत जा आणि कपाटापाशी उभं राहून मोठ्याने वाचा.