लेकीच्या घरचं पाणी

आमच्याकडे लेकीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या सासरचं पाणी पीत नसे, आणि मला मूल होत नव्हतं. घरात ही गोष्ट झाकून तरी राहायची, पण झऱ्यावर ती साऱ्या गावाला दिसायची.

माझं सासर पहूरपासून दोन कोसांवर. गावात शिरायच्या आधी, रस्त्याच्या कडेला, दगडांच्या सांदीतून झरा यायचा. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की बायका घागरी घेऊन तिथेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मला माहेरी न्यायला माझे वडील, आबा, यायचे. चाळीसगावाकडून मोठी गाडी, मग पाचोऱ्याहून ती छोटी गाडी, पहूरला उतरून पुढे पायी. आमच्या खानदेशातलं ते ऊन म्हणजे काय, ते सोसलंय त्यालाच ठाऊक. झऱ्यावर आले की फेटा सोडायचे, तोंड धुवायचे, फडक्यातली भाकरी कांद्याशी खायचे आणि ओंजळीने पोट भरेस्तोवर पाणी प्यायचे. पुढे माझ्या घरी थेंबही घ्यायचा नसे ना!

मी तिथे घागर भरायला असले की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्याबरोबर लग्न होऊन आलेल्या पोरींचे बाप केव्हाच लेकीच्या ओसरीवर बसून जेवू लागले होते. बायका एकमेकींना कोपराने ढोसत. "आला गं बाई, यंदाही झऱ्यावरच!" मी घागर पुढे केली तर आबा हळूच म्हणत, "नको माय, घागर त्यासनी शे." घागर सासरची, तर तिच्यातलं पाणीही सासरचंच. मग मी उगाच घासलेली घागर पुन्हा घासत बसे. राग राग यायचा. त्या रीतीचा, बायकांचा, स्वतःच्या पोटाचा आणि, खोटं कशाला बोलू, आबांचाही. जळली मेली ती रीत, माझं वांझपण असं चव्हाट्यावर मांडून ठेवायची.

एका आखाजीला गोष्ट निकरावर आली. सासूने नवऱ्यासाठी दुसरी बघून ठेवली होती. मला माहेरी पाठवायचं आणि परत आणायचंच नाही, असं घरात ठरत आलं होतं. मी आधीच निरोप धाडला होता, त्यामुळे आबा आले ते मनाशी काहीतरी धरूनच आले. ओसरीवर सासरे, भाऊबंदांतली चार म्हातारी माणसं, आणि माझे मालक खांबाला टेकून नखं बघत बसलेले. मी दाराआड.

आबा कधी मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "इतकी वर्षं झाली, माझ्याकडून रीत मोडली नाही. ऊन म्हटलं नाही, तहान म्हटली नाही, तुमच्या घरच्या पाण्याला तोंड लावलं नाही. मी माझी बाजू पाळली. आता तुम्ही तुमची पाळा. माझ्या लेकीचा हात धरलाय, तो सोडू नका."

म्हातारे माना हलवू लागले. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच माझ्या मागून सासूचा आवाज आला. "तोंड कसं लावलं नाही? झरा कोणाच्या बांधात आहे? शेत आमचं, बांध आमचा. व्याही, वर्षानुवर्षं आमचंच पाणी ढोसताय की!"

एक म्हातारा फिसकन हसला, मग बाकीचेही हसले. मालकसुद्धा.

ते शेत आमचं हे मला काय ठाऊक नव्हतं? तिथे मी निंदायला जात होते. पण सारं गाव पितं, येणारा-जाणारा पितो, त्या वाहत्या पाण्याला मालक असतो हे डोक्यातच आलं नव्हतं. आबांनी दाराकडे बघितलं. "खरं शे का, माय?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? त्या माणसाने एवढ्या उन्हात जपलेली एकच गोष्ट, ती मी मान हलवून पुसून टाकली. त्यांचा चेहरा कसा उतरला ते आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

त्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "पानी आन, माय. तांब्या भरी आन."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी आणला. घाईत निम्मं लुगड्यावर सांडलं. चार माणसांच्या देखत आबांनी तो तांब्या घटाघटा संपवला, तोंड पुसलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "मी पानी पिधं. लेकना पाय घरमा रोवाई गया, मंगच बाप पानी पेस. आते हाई घर मन्ही पोरनं शे. आठे दुसरी येवाव नही."

म्हणजे, लेकीचा पाय घरात रोवला तरच बाप तिथलं पाणी पितो; मी प्यालो, आता हे घर माझ्या पोरीचं, इथे दुसरी यायची नाही. कोणी हसलं नाही. सासू आत निघून गेली. सासरे खाकरले आणि कोणाकडेच न बघता म्हणाले, "आखाजी झाली की सुनेला लवकर पाठवा."

दुसरी आली नाही. तुम्ही म्हणाल, जिंकलीस की गं! कुठली जिंकते? माहेरी आबांच्या भावांनी त्यांना सोडलं नाही. "नातू नही आणि पाणी प्यायला!" म्हणून पारावर टिंगल झाली. आबा ऐकून घेत. बाकीच्या माहेरवाशिणी सणाचे झोके घेत होत्या, मी त्या आखाजीला झोक्यावर बसलेच नाही.

मूल मला पुढेही झालं नाही. आबा मात्र दर साली यायचे, सरळ ओसरीवर येऊन बसायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पाणी मागायचे. मी तांब्या घेऊन जायची, पण त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत व्हायची नाही.

"मान वर कर, माय," ते म्हणायचे, "पानी सांडी ऱ्हायनं."